अ‍ॅनालॉग डिले पेडल: शिट्टी, फाटणारे रिपीट आणि लय जुळवणं

गंगापूररोड_टेली

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक गिटारसाठी अ‍ॅनालॉग डिले पेडल घेतलंय, म्हणजे वाजवलेला आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं पेडल. खोक्यावर ‘अ‍ॅनालॉग टेप डिले’ असं छापलंय, पण आत टेप वगैरे काही नाही. मागचं झाकण उघडून पाहिलं तर आठ पायांच्या दोन चिप आहेत, दोन्हींवर व्ही३२०५ लिहिलंय, आणि चार छोटे प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे बारीक नॉब) दिसतात. वर तीन नॉब: डिले (आवाज किती वेळाने परत येतो), रिपीट (किती वेळा येतो), मिक्स (मूळ आवाजात किती मिसळतो). कमाल वेळ ६०० मिलिसेकंद दिलीय.

जोडणी अशी: सिंगल कॉइलची (एकेरी वेटोळ्याच्या पिकअपची) गिटार, ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम खरखरीत करणारं पेडल), डिले, मग सॉलिड स्टेट अ‍ॅम्प. नाशिकला सिडकोतल्या तालमीच्या जागी अ‍ॅम्प असतो. गणपतीच्या स्टेजवर मात्र बहुतेक वेळा डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवणारी डबी) थेट मिक्सरला द्यावं लागतं. तिन्ही पेडल एकाच ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर, डेझी चेनने, म्हणजे एकाच तारेला फुटलेल्या अनेक पिनांनी.

अडचणी सांगतो.

डिलेचा नॉब घड्याळात २ वाजतात त्या जागेपुढे गेला की बारीक शिट्टी येते. अ‍ॅम्पवर कमी, मिक्सरमध्ये थेट दिलं की जास्त. शिवाय एक सततची गुणगुण आहेच.

ओव्हरड्राइव्ह चालू केला की रिपीट फाटतात आणि सगळ्याचा चिखल होतो. क्लीनवर, म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद असताना, तोच डिले छान वाजतो.

रिपीटचा नॉब जेमतेम ११ पर्यंत नेला की आवाज थांबायचं नाव घेत नाही, उलट वाढत जातो.

टॅप टेम्पो (ठोके देऊन वेळ लावायचं बटण) नाही, त्यामुळे ड्रमरशी वेळ जुळवायची कशी ते कळत नाही. केहरवा आणि दादऱ्यातली गाणी बरीच असतात, त्यात डिले कुठे बसवावा?

शेवटचं: खऱ्या टेपच्या आवाजासाठी जुनं मशीन शोधण्यात अर्थ आहे का?

---

सातपूर_सोल्डर

चिपचं नाव दिलंत ते फार बरं झालं, निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

व्ही३२०५ म्हणजे जुन्या एमएन३२०५ ची आजची आवृत्ती. ही बकेट ब्रिगेड जातीची चिप. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे पुढे देतात, तसा गिटारचा सिग्नल आत ४०९६ टप्प्यांतून पुढे ढकलला जातो. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९६९ मध्ये ही रचना निघाली. टप्पे ठरलेले असतात, वेळ बदलते ती ढकलण्याच्या वेगाने, म्हणजे क्लॉकने. सूत्र सोपं आहे: वेळ = टप्पे भागिले क्लॉकची दुप्पट.

तुमच्याकडे दोन चिप, म्हणजे ८१९२ टप्पे. ३०० मिलिसेकंदाला क्लॉक येतो साधारण १३.६ किलोहर्ट्झ, ४०० ला १०.२ आणि ६०० ला अवघा ६.८. कान ६.८ किलोहर्ट्झ अगदी स्वच्छ ऐकतो. तुमची शिट्टी ती हीच. पेडल बिघडलेलं नाही, वेळ ताणली की क्लॉक कानाच्या टप्प्यात उतरतो आणि फिल्टरमधून थोडा झिरपतो. त्यात या चिपच्या डेटाशीटमध्ये क्लॉकची खालची मर्यादा १० किलोहर्ट्झ दिलीय. दोन चिपच्या हिशेबाने ती मर्यादा ४१० मिलिसेकंदाला संपते. त्यापुढे पेडल चालतं, पण प्रत्येक टप्प्यातला विद्युतभार थोडा थोडा गळायला लागतो, खरखर वाढते, आवाज अंधारतो. उन्हात तापलेल्या स्टेजवर ही गळती आणखी वाढते. म्हणून पहिला सल्ला: या पेडलला ४०० चं पेडल समजा. त्याचा सगळ्यात सुंदर आवाज ८० ते ३५० मध्ये आहे.

अ‍ॅम्पवर शिट्टी कमी का? गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो, तो फुकटात फिल्टरचं काम करतो. मिक्सरमध्ये थेट दिलं की पीएचा (मंडपातल्या मोठ्या स्पीकरचा) ट्वीटर सगळं इमानदारीने वाजवतो. यावर उपाय म्हणजे डिलेच्या नंतर, डीआयच्या आधी कॅब सिम्युलेटर, म्हणजे गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारं पेडल. ते नसेल आणि मिक्सर डिजिटल असेल तर साउंडवाल्याला गिटारच्या चॅनलवर ५ ते ६ किलोहर्ट्झला लो-पास (त्यावरचं सगळं कापणारा फिल्टर) लावायला सांगा. साध्या अ‍ॅनालॉग मिक्सरचा ‘हाय’ नॉब बहुतेक १२ किलोहर्ट्झचा शेल्फ असतो, म्हणजे मुख्यतः त्याच्या आसपासचं आणि वरचंच कमी करतो. तो पूर्ण खाली केला तरी ६.८ ची शिट्टी थोडीच कमी होते. साउंडवाल्याला ‘हाय कमी कर’ म्हणून भागत नाही ते यामुळे.

आता ओव्हरड्राइव्ह. बकेट ब्रिगेड चिपला फार मोठा सिग्नल सोसत नाही. आधी सिग्नल दाबून नंतर फुलवणारा कम्पँडर पेडलमध्ये असतो, पण तोही किती सांभाळणार? ओव्हरड्राइव्हचा ‘लेव्हल’ १ किंवा २ वाजता असेल तर डिलेत शिरणारा सिग्नल क्लीनच्या कितीतरी पट मोठा आहे. थेट आवाज चिपमधून जात नाही, तो आधीच ड्राइव्ह झालेला असल्याने ठीक वाटतो. रिपीट चिपमधून जातात, म्हणून तेच फाटतात.

डिले बंद ठेवा. एकच कॉर्ड वाजवत ओव्हरड्राइव्ह चालू-बंद करा आणि दोन्हींचा मोठेपणा कानाला सारखा होईपर्यंत लेव्हल खाली आणा. मग डिले चालू करा. नव्वद टक्के फाटणं इथेच जातं. सोलोसाठी मोठा आवाज हवा असेल तर त्यासाठी वेगळा बूस्ट (फक्त आवाज वाढवणारं पेडल) डिलेच्या नंतर लावा. थेट आवाज आणि रिपीट दोघेही एकत्र वर जातात आणि चिपला काहीच त्रास होत नाही. बूस्ट आधी लावला तर पुन्हा तेच रडगाणं.

उरलेला चिखल मिक्सचा. ड्राइव्हवर सिग्नल दाबला गेलेला असतो, सूर लांबतो, त्यामुळे क्लीनला शोभणारा मिक्स ड्राइव्हला जास्त होतो. क्लीनवर १२ असेल तर ड्राइव्हवर साडेनऊ-दहा, आणि रिपीट दोन-तीनच. अ‍ॅम्पचं स्वतःचं डिस्टॉर्शन वापरत असाल तर डिले त्याच्या पुढ्यात लावू नका, रिपीटही डिस्टॉर्शनमध्ये भरडले जातात. अ‍ॅम्पच्या मागे सेंड-रिटर्न (डिस्टॉर्शनच्या नंतर पेडल जोडायचा लूप) असेल तर तिथे लावा. फक्त सेंडची लेव्हल तपासा. काही अ‍ॅम्पचा लूप लाइन लेव्हलचा (गिटारपेक्षा बऱ्याच मोठ्या सिग्नलचा) असतो, तिथे ही चिप क्लीनवरही फाटेल. तसं झालं तर अ‍ॅम्पवर लूपच्या लेव्हलचं बटण आहे का पाहा. नसेल तर त्या लूपमध्ये हे पेडल नको.

बाजारात ‘अ‍ॅनालॉग’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त पेडलमध्ये बऱ्याचदा १६ पायांची पीटी२३९९ असते. ती आतून डिजिटल चिप आहे. तिला अशी शिट्टी नसते, पण ३५० मिलिसेकंदापुढे रिपीटमध्ये वाळूसारखा आवाज येतो. ती वाईट नाही, फक्त तिचा इलाज वेगळा. इतर वाचकांनी झाकण उघडून आधी चिप पाहावी.

---

अंबड_अर्थिंग

गुणगुणीबद्दल लिहितो. शिट्टी आणि गुणगुण वेगळ्या गोष्टी आहेत, एकत्र शोधायला गेलात तर सापडणार नाहीत.

सगळ्यात आधी डिलेला एकटं ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावून पाहा, बाकी दोन पेडल अडॅप्टरवर राहू द्या. गुणगुण गेली तर दोष पुरवठ्यात. डेझी चेनमध्ये सगळ्या पेडलची ग्राउंड एकाच तारेत असते आणि डिलेचा क्लॉक त्या तारेतून शेजाऱ्यांकडे जातो. ओव्हरड्राइव्ह तोच कचरा उचलून मोठा करतो. पुढे कधी चेनमध्ये दुसरं अ‍ॅनालॉग डिले किंवा कोरस आलं तर दोन क्लॉक एकमेकांत मिसळून वरखाली सरकणारी तिसरीच शिट्टी येते. ती फिल्टरने जात नाही, पुरवठा वेगळा केला की जाते. आयसोलेटेड आउटपुटचा (प्रत्येक पेडलला स्वतंत्र पुरवठा देणारा) पॉवर सप्लाय हाच खरा उपाय. तूर्तास फक्त डिलेला वेगळा अडॅप्टर दिला तरी मोठा फरक पडतो.

अडॅप्टर विकत घेताना पिनचं चिन्ह बघा. गिटार पेडलला मधली पिन निगेटिव्ह लागते. एमजी रोडवर काय किंवा कुठेही, राउटरचा म्हणून मिळणारा ९ व्होल्टचा अडॅप्टर तंतोतंत त्याच आकाराच्या पिनचा असतो, पण मधली पिन पॉझिटिव्ह. तो लावला तर नशीब चांगलं असल्यास आतला संरक्षक डायोड शॉर्ट होतो आणि पेडल मेल्यासारखं दिसतं. अशा वेळी पॉवर जॅकजवळचा १एन४००१ सारखा डायोड मल्टिमीटरने दोन्ही दिशांनी तपासा. दोन्हीकडे शून्य दाखवत असेल तर तो बदला, बऱ्याचदा तेवढ्यावर पेडल जिवंत होतं. सीसीटीव्हीचा १२ व्होल्टचा अडॅप्टर तर लावूच नका.

वीज गेल्यावर तालमीच्या खोलीतला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला जड अडॅप्टर जोरात भणभणतो. अशा ठिकाणी बॅटरी. असं पेडल साधारण २० ते ३० मिलिअँपिअर खातं, त्यामुळे चांगली अल्कलाइन बॅटरी बरेच तास जाते. स्वस्त झिंकवाली एका कार्यक्रमापुरती. इनपुटला केबल लावून ठेवली की बॅटरी संपत राहते, वाजवून झालं की केबल काढा.

मंडपात आणखी दोन शत्रू असतात. एक लाइटचे डिमर. गिटारचा व्हॉल्यूम शून्य केल्यावर भणभण थांबत असेल तर ती तुमच्या सिंगल कॉइलमधून येतेय, पेडलमधून नाही. गिटार हातात धरून जागेवरच थोडं फिरा, एका कोनात ती पडते. दुसरा ग्राउंड लूप: अ‍ॅम्प एका फेजवर, मिक्सर दुसऱ्या टोकाच्या बोर्डवर. यासाठी डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा.

आणि हे कळकळीने सांगतो: गुणगुण (हम) घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन तोडू नका, टेप लावून झाकू नका. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात, माइक दुसऱ्या यंत्रणेच्या. पावसात ओला झालेला मंडप, हात तारांवर आणि ओठ माइकला, अशा अवस्थेत अर्थ नसेल तर जिवावर बेततं. कार्यक्रमाआधी टेस्टरने माइकची जाळी आणि गिटारच्या तारा दोन्ही तपासा. टेस्टर पेटला तर वाजवायचं नाही, आधी इलेक्ट्रिशियन.

---

दीड_मात्रा

लय जुळवणं टॅप टेम्पोशिवाय अजिबात अवघड नाही. एक दुपार घालवून नॉबवर खुणा करून ठेवायच्या.

फोनवर किंवा कॉम्प्युटरवर ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग लावा. रिपीट शून्य, मिक्स भरपूर. तारा डाव्या हाताने दाबून एकच ‘चक्’ वाजवा. वेव्हफॉर्ममध्ये दोन उंच शिखरं दिसतील: पहिलं तुमचं, दुसरं डिलेचं. मधलं अंतर मोजा. नॉब ९, १०, ११ असा एकेक घर पुढे नेत मोजा आणि पांढऱ्या पेंट मार्करने पेडलवर बारीक ठिपके देऊन आकडे लिहा. नॉबचं एकेक घर सारख्या मिलिसेकंदाचं नसतं, कुठे भसकन उडी असते, म्हणून अंदाजाने खुणा करू नका. बॅटरीऐवजी नेहमीच्या अडॅप्टरवर मोजा.

आता हिशेब. ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला ठोके) म्हणजे एका ठोक्याचे मिलिसेकंद. १२० ला ५००. केहरव्यात आठ मात्रा, ठोक्याला दोन मात्रा धरल्या तर १२० बीपीएमला एक मात्रा २५० ची. यातून तीन उपयोगाचे आकडे निघतात.

एक मात्रा, २५०: रिपीट बरोबर पुढच्या मात्रेवर पडतो. सुरक्षित, पण तुम्हीही मात्रेमात्रेवर वाजवत असाल तर रिपीट तुमच्याच स्वराखाली झाकला जातो, फक्त जाडी येते.

दीड मात्रा, ३७५: इंग्रजी पुस्तकांत ज्याला डॉटेड एट्थ म्हणतात ते हेच. तुम्ही साध्या आठ मात्रा वाजवता, रिपीट प्रत्येक वेळी दोन मात्रांच्या मधोमध पडतो आणि दुपटीत वाजतंय असा भास होतो. सूत्र ४५,००० भागिले बीपीएम. १०० ला ४५०, ११० ला ४०९, १३० ला ३४६, १४० ला ३२१. वर सातपूरकरांनी ४१० ची मर्यादा सांगितली, म्हणजे ११० बीपीएमच्या वरच्या सगळ्या गाण्यांत हा प्रकार तुमच्या पेडलवर स्वच्छ बसतो. त्याखालच्या गाण्यांना मी तरी एका मात्रेवरच ठेवेन, शिट्टीशी भांडण्यापेक्षा ते चांगलं. यात रिपीट एकच ठेवा, फार तर दोन, आणि मिक्स जवळजवळ थेट आवाजाइतका. रिपीट वाढवले की मात्रांमधली जागा भरून जाते आणि भास मोडतो. उजवा हात काटेकोर हवा. कॉर्ड झोडपून हे होत नाही, एकेक तार सुटी वाजली पाहिजे.

८० ते १३० मिलिसेकंद: याला लयीशी घेणंदेणं नाही. एकच रिपीट, मिक्स १० ते ११. स्वराला मागे भिंत मिळते. रॉक-अँड-रोल ढंगाच्या, ठेक्याच्या गाण्यांना, आणि गायकाच्या मधल्या जागा भरताना हेच वापरा.

दादऱ्यात सहा मात्रा, तीन-तीनच्या जोडीत. तिथे दीड मात्रेचा डिले ठेक्याला आडवा जातो: रिपीट दीडवर, तीनवर, साडेचारवर, सहावर. तीन आणि सहाला भेटतो, मधे भांडतो. ढोलकी किंवा तबला बारीक वाजत असेल तर कानाला खटकतो. दादऱ्याला एक मात्रा पक्की. मात्रा मिनिटाला १८० असतील तर ३३३ मिलिसेकंद, तुमच्या पेडलच्या अगदी मधल्या, गोड भागात.

कार्यक्रमात खूण जवळपास लावून शेवटचं कानाने जुळवायचं. ड्रमरच्या हाय-हॅटवर ‘चक्’ वाजवा, तीन-चार रिपीट ठेवा. रिपीट हाय-हॅटच्या मागे रेंगाळत असेल तर नॉब किंचित मागे, पुढे पळत असेल तर किंचित पुढे. जुळल्यावर रिपीट कमी करा. रिपीट वाजत असताना नॉब फिरवला तर सूर वरखाली घसरतो, कारण चिपमध्ये आधी शिरलेला आवाज नव्या वेगाने बाहेर येतो. गाण्याच्या मधे नॉब फिरवायचा तर आधी पेडल बंद करा.

दोन्ही बाजूंना ढोल-ताशे असतील तर मात्र काटेकोर डिले विसरा, कुणालाच ऐकू जात नाही. १०० मिलिसेकंदावर ठेवून मोकळे व्हा.

---

गंगापूररोड_टेली

मनापासून आभार. ओव्हरड्राइव्हची लेव्हल खाली आणल्यावर फाटणं गेलं. डिले बॅटरीवर लावल्यावर गुणगुणही गेली, शिट्टी फक्त शेवटच्या पाव भागात उरली.

रिपीट ११ लाच सुटतो हा प्रश्न मात्र तसाच आहे. आतल्या चार प्रीसेटजवळ बोर्डवर अशी नावं आहेत: बायस १, बायस २, एफबी, सीएलके. हात लावू का?

---

सातपूर_सोल्डर

लावा, पण क्रमाने. आधी चारही प्रीसेटचा जवळून फोटो काढा आणि बारीक मार्करने प्रत्येकाच्या खाचेची मूळ दिशा बोर्डवर आखा. एका वेळी एकच फिरवायचा. प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर घ्या, धातूचा लावला की हातातून हम शिरतो आणि कान फसतो. सुरुवातीला अर्थिंग असलेल्या एखाद्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा, या चिप तिला नाजूक असतात. पेडल दहा मिनिटं चालू ठेवून मग सुरू करा.

तुमच्यासाठी सगळ्यात आधी एफबी, म्हणजे फीडबॅक: रिपीट किती प्रमाणात परत आत फिरतो ते. वरचा रिपीट नॉब ३ वाजता ठेवा, डिले साधारण ३०० वर, अ‍ॅम्पचा आवाज अगदी कमी. एफबी प्रीसेट हळूहळू मागे घ्या, रिपीट विरायला लागतील. मग पुन्हा पुढे, जेमतेम न थांबणाऱ्या बिंदूपर्यंत. आता ३ च्या अलीकडे सगळे रिपीट नीट विरतात आणि ३ च्या पुढे मुद्दाम हवा असेल तेव्हा तो घुमत राहतो. तो घुमणारा आवाज स्टेजवर वापरायचा असेल तर हात रिपीटच्या नॉबवरच ठेवा. थेट पीएमध्ये तो पाहता पाहता चढतो आणि ट्वीटर उडवू शकतो.

एवढ्याने भागलं तर बायसला (चिपच्या कामाचा व्होल्टेज ठरवणारे प्रीसेट) हात लावू नका. सौम्य वाजवूनही रिपीट खरबरीत येत असतील तरच. फोनमधल्या टोन जनरेटरवर ४०० हर्ट्झचा साइन लावा, हेडफोन आउटपुटवरून केबलने पेडलला द्या, आवाज कमी ठेवून. रिपीट शून्य, मिक्स पूर्ण. बायस १ फिरवताना लक्षात येईल की एका छोट्या पट्ट्यातच रिपीट येतो, बाहेर तो फाटतो नाहीतर गायब होतो. फोनचा आवाज थोडा थोडा वाढवत जा आणि फाटणं सगळ्यात उशिरा सुरू होईल ती जागा पकडा. मग बायस २ तसाच. क्रम उलटा करू नका, पहिल्या चिपचा आवाज दुसरीत जातो, पहिली चुकीची असेल तर दुसरी कधीच बरोबर वाटणार नाही. ऑसिलोस्कोप असेल तर काम दोन मिनिटांचं: लाट वरून आणि खालून एकाच वेळी चपटी झाली की बायस जागेवर आला.

सीएलके म्हणजे कमाल वेळ. यात तुमच्या शिट्टीचा कायमचा इलाज आहे. डिले नॉब पूर्ण पुढे करा, वर सांगितलेल्या पद्धतीने रेकॉर्ड करून वेळ मोजा आणि सीएलके फिरवून ६०० ची ४५० करा. क्लॉक ९.१ किलोहर्ट्झवर येतो, तिथे फिल्टर जास्त कापतो आणि कानही कमी पकडतो. नॉबची पूर्ण फिरत आता उपयोगाच्या वेळांत वाटली जाते, त्यामुळे जुळवणंही सोपं. नॉबवरच्या खुणा मात्र यानंतरच करा, आधी केल्या असतील तर पुसाव्या लागतील.

चिप बदलायची वेळ आलीच तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ विचारा, आणि ‘३२०५’ च मागा. एमएन३००५ चढी किंमत लावून देऊ करतील, ती घेऊ नका. तिचा पुरवठा १५ व्होल्टचा आणि उलट दिशेचा, पायांची मांडणीही वेगळी. शिवाय त्या नावाने नव्याने छापलेला नकली माल भरपूर फिरतो.

---

पंचवटी_रील

टेपच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून लिहितो.

टेप इकोमध्ये एक रेकॉर्ड हेड, त्याच्यापुढे काही अंतरावर प्लेबॅक हेड आणि त्यांच्यावरून फिरणारा पाव इंची टेपचा लूप. वेळ म्हणजे हेडमधलं अंतर भागिले टेपचा वेग. सेकंदाला १९ सेंटीमीटर वेग आणि ३.८ सेंटीमीटर अंतर असेल तर २०० मिलिसेकंद. काही मशीनमध्ये हेड सरकवून वेळ बदलतात, काहींत मोटरचा वेग. रोलंडच्या १९७४ च्या आरई-२०१ मध्ये तीन प्लेबॅक हेड आहेत, ती वेगवेगळ्या जोडीने चालू करता येतात. एका नॉबवर ठेका तयार होतो तो त्यामुळे.

आवाजात फरक कुठे? बकेट ब्रिगेडमध्ये प्रत्येक रिपीट आधीच्यापेक्षा अंधारा, पण सुरात स्थिर. टेपमध्ये रिपीट अंधारतो आणि शिवाय सूर अगदी बारीक थरथरतो, कारण टेपचा वेग कधीच शंभर टक्के सारखा नसतो. जोरात वाजवलं की टेप हळुवार दाबली जाते, चिपसारखी फाटत नाही. ही थरथर हवी असेल तर मॉड्युलेशनचं बटण असलेलं अ‍ॅनालॉग डिले किंवा टेपची नक्कल करणारं चांगलं डिजिटल पेडल घ्या. स्टेजसाठी तेच शहाणपणाचं आहे.

जुनं मशीन घ्यायचंच असेल तर हे पाहून घ्या. बाहेरची बरीच मशीन १०० किंवा ११७ व्होल्टची, त्यांना आपल्या २३० वर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, ५० हर्ट्झचे ६० करून देत नाही. मशीनमध्ये एसी मोटर असेल आणि ती ६० हर्ट्झची असेल तर इथे ती सहापैकी पाचच भाग वेगाने फिरते. ३०० चा डिले ३६० होतो आणि आवाजाची धार कमी होते. डीसी मोटरच्या मशीनला हा प्रश्न नाही. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा.

दुसरं, हेड. टेप जिथून घासते तिथे नखाला लागेल इतकी खाच पडली असेल तर हेड संपलंय, आणि ते मिळवणं हे मशीनपेक्षा महागात जातं. तपकिरी थर असेल तर तो फक्त टेपची भुकटी आहे. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन टेपच्या दिशेने पुसा. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. टेप दाबून ओढणाऱ्या रबरी पिंच रोलरला अल्कोहोल वारंवार लावलं की रबर कडक होतं, तो साबणाच्या पाण्यात ओलसर केलेल्या फडक्याने पुसून कोरडा करा. रोलर कडक किंवा चकचकीत झाला असेल तर टेप घसरते आणि सूर ओढल्यासारखा वाहतो. अनेकजण त्याला मोटरचा दोष समजून मोटर उघडतात.

लूपचा जोड ४५ अंशात कापून, टेपच्या पाठीला स्प्लायसिंग टेप लावून करायचा. साधी सेलोटेप लावू नका, तिचा डिंक उन्हाळ्यात पसरून थेट हेडवर बसतो. जून ते सप्टेंबर मशीन सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पेटीत ठेवा. दमट टेप चिकटते, किंचाळते आणि तिचा थर सुटतो. गणपती नेमके याच महिन्यांत येतात, त्यामुळे मंडपात नेण्यासाठी तुमचं व्ही३२०५ वालं पेडलच योग्य. टेप मशीन घरी रेकॉर्डिंगला ठेवा.

---

गंगापूररोड_टेली

एफबी मागे घेतला, आता रिपीट ३ ला सुटतो. सीएलके ४५० वर आणला, शिट्टी अ‍ॅम्पवर ऐकूच येत नाही. मिक्सरवर किंचित आहे, कॅब सिम्युलेटर लावून बघतो. एक राहिलं: कॅब सिम डिलेच्या आधी लावला तर चालेल का? बोर्डवर तिथेच जागा आहे.

---

सातपूर_सोल्डर

नाही. शिट्टी डिलेमध्ये जन्मते, फिल्टर तिच्या नंतरच हवा. जागा नसेल तर ट्यूनर हलवा, कॅब सिम शेवटीच राहू द्या. आणि अ‍ॅम्पवर वाजवताना तो बंद ठेवा, नाहीतर स्पीकर आणि कॅब सिम दोघेही कापतील आणि गिटार घोंगडीखाली गेल्यासारखी वाटेल.